त्र्याऐंशी माणसांचा भात

मी तुकडीचा कारकून.
बंदूक होतीच, पण खांद्यावर वळ उठला
तो हजेरीच्या दप्तराचा.
दिवस कलला की आचारी तोआन विचारायचा, "किती?"
मी आकडा सांगायचो, तो तेवढा तांदूळ धुवायचा.
माणशी दोन मुठी. पावसाळ्यात दीड.
वरच्या ठाण्याला जेवढी माणसं कळवू
तेवढाच शिधा खाली यायचा.

क्वांग त्रीला नदीकाठी
एका रात्रीत सव्वीस गेले.
नावाची चिठ्ठी पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटलीत,
रबरी बूच घट्ट दाबून,
बाटली खिशात, मग माती.
असे वीस.
सहांना नदीनं नेलं, चिठ्ठीशिवाय.
त्यात थाय बिन्हचा लिएम होता,
भाताच्या तळाच्या खरवडीसाठी
तोआनची पातेली घासून देणारा.

त्या संध्याकाळी तोआननं विचारलं, "किती?"
मी म्हणालो, "त्र्याऐंशी."
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग पाणी आणायला गेला.

सत्तावन्न तोंडं त्र्याऐंशी माणसांचा भात जेवली.
अकरा दिवस.
रोज मी सव्वीस नावांपुढे
बारीक पेन्सिलीनं 'हजर' लिहीत राहिलो.
बाराव्या दिवशी तपासणी होती.
आदल्या रात्री कंदिलाला फडकं गुंडाळून
मी सव्वीसांना एकाच तारखेला मारलं.
माझं अक्षर चांगलं होतं. कुठे खाडाखोड नाही.

तीच तारीख घरोघर गेली,
लाल शिक्क्याच्या कागदावर, काचेच्या चौकटीत.
आमच्याकडे गेलेला माणूस
वर्षातून एकदा जेवायला येतो, गेला त्या तिथीला.
हे मला तेव्हाही माहीत होतं.
भूक होती, दुसरं काही सांगत नाही.

नंतर मी टपाल खात्यात शिक्के मारले,
पोरं वाढवली.
बायकोला वाटायचं, ह्यांना भात सोसत नाही.

म्हातारपणी यादी काढून निघालो.
एका घरी कुणी उरलं नव्हतं.
दुसऱ्या घरी नातवानं चहा दिला,
मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बरं."
मग थाय बिन्ह.
लिएमची बहीण न्हान अंगणात
भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.
"हाडं सापडली?"
"नाही. तारीख सापडली."
आणि सगळं सांगितलं, मुठींसकट.

ती बोटांवर मोजू लागली.
मला वाटलं, वर्षं मोजतेय.
"म्हणजे अकरा दिवस आधीच यायचा तो," ती म्हणाली,
"चूल थंड बघून परत जायचा.
आणि आम्ही मागाहून केळीच्या पानावर वाढून
वाट बघायचो."

शेंगा फुटत राहिल्या.
एक दाणा माझ्या चपलेशी आला, तो मी उचलला नाही.

"त्याच्या वाटणीचा कुणी खाल्ला?"
"सगळ्यांनी. मीही."
"पोट भरायचं?"
मी थोडं थांबलो. खरं सांगायलाच तर आलो होतो.
"त्या अकरा दिवसांत, हो."

तिनं पदरातली टरफलं झटकली,
गुडघ्यावर हात देऊन उठली.
आत डब्याचं झाकण वाजलं,
मग तांदूळ ओतल्याचा आवाज, ओळखीचा.
मी म्हणालो, "आज तर कुठलीच तिथी नाही."
ती काही बोलली नाही.

जरा वेळानं आतूनच विचारलं,
"किती?"

मला चटकन आकडा सांगता येईना.