खालचा माईक

पहिला माईक वर.
कड्याच्या आत दोन बोटं, कातड्यापासून दोन बोटं उंच,
रोख काठ्यांनी पांढरा लेप खरवडून
चवलीएवढं टक्कल पाडलंय, त्याच्या जरा अलीकडे.
पाठ हाय-हॅटकडे.
पाठीमागचं ऐकायचं नाही हा याचा गुण,
म्हणून तर ठेवलाय. दोनदा पडलाय, जाळीला पोचा आहे.
महागातले दोन याच्याआधी लावून पाहिले,
त्यांना सगळंच ऐकू येत होतं: डॉयलच्या स्टुलाची कुरकुर,
त्याचं नाकातून श्वास सोडणं,
बाहेर वळणारा लाकडाचा ट्रक.

डॉयल पिकेन्स, वय एकाहत्तर.
मारतो अजून मनगटातून,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तसा, ओळखीनं.
पाकीट काढून कातड्यावर ठेवलं, चिकटपट्टीनं डकवलं.
चाळीस वर्षं हेच.
"पगाराच्या दिवशी आवाज बसका येतो," म्हणायचा.
आज पाकीट बारीक, आवाज मोकळा,
आणि त्याला तो नकोय.
"काहीतरी कमी आहे."

मी बोटभर सरकवते. नखभर.
उभा धरते, निजवते.
एक कान दाबून खोलीभर फिरते.
हे पूर्वी टायरचं गोदाम होतं,
अलाबामाच्या उन्हात भिंतींना अजून रबराचा वास सुटतो,
आणि नदीकडच्या कोपऱ्यात आवाज जातो तो तिथेच बसतो.
तिथे एक माईक.
"नाही," डॉयल.

मग खालून. गुडघे टेकून,
स्नेअरच्या पोटाखाली, जिथे वीस तारा ताणलेल्या.
काठी पडते तेव्हा वरचं कातडं माईकपासून दूर जातं,
खालचं त्याच्या माईकच्या अंगावर येतं.
दोघांचं एकदम ऐकलं तर पातळ, नुसतं ताकाचं पाणी.
एक बटण असतं, खालच्याच्या होयचं नाही करणारं,
दाबलं की दोघं एकाच बाजूनं ढकलतात.
दाबलं. आवाजाला अंग आलं.
"हं," डॉयल म्हणाला.
त्याचं हं म्हणजे नाही.

जोनेल, माझी मदतनीस, जुनी टेप ऐकत बसलेली,
हेडफोन एका कानावरून सरकवून विचारते,
"ही घरघर कसली? दोन ठोक्यांच्या मधली?"

ती एझेलची.
एझेल क्रंप बेस वाजवायचा,
डॉयलच्या डाव्या हाताला, तीन पावलांवर.
त्याचा खालचा सूर लागला
की स्नेअरच्या तारा कुणी न मारता थरथरायच्या.
किती वैतागले आहे मी त्या घरघरीवर!
तारांखाली कागद सरकवले,
दोघांच्या मधे गादी उभी केली,
एझेलला म्हटलं, जरा लांब बस ना बाबा.
बसायचा.
चौथ्या गाण्याला पुन्हा तीन पावलांवर.

मार्चमध्ये गेला.
आजचा पोरगा काचेपलीकडे वाजवतो,
त्याची वायर थेट यंत्रात,
या खोलीत त्याचा सूर पाऊलही टाकत नाही.
तारा गप्प. स्वच्छ.
जन्मभर मागत होते तेवढं स्वच्छ.

डॉयलशी काही बोलले नाही.
मागच्या खोलीतून एझेलचा स्पीकर ओढत आणला,
समोरचं कापड फाटलेलं,
वर त्याच्या कॉफीच्या मगाची गोल खूण.
पोराची एक वायर त्यात घातली.
तीन पावलं मोजली, माझी नाही, एझेलची,
तो उंच होता.
आवाज इतका कमी की जोनेल म्हणाली, चालू तरी आहे का?

पोरगा वाजवू लागला.
डॉयलनं काठ्या उचलल्या, मारल्या नाहीत.
मान वाकवून बघत राहिला, पाकिटाकडे,
किंवा पाकिटाच्या खाली.
चार मात्रा गेल्या, आठ गेल्या.
मी पोराला थांबवलं नाही.
मग तो आत शिरला.

संध्याकाळी चिकटपट्टी काढताना
लेपाचा एक पापुद्रा पाकिटाबरोबर निघाला.
तो नखानं खरडत
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"खालचा जरा वाढव."