बुधवारी मसूर, गुरुवारी चणे

कासिल्दाबाईंना वाचताना बोट लागतं.
कागद असला तर ओळीखाली बोट,
पडदा असला तर माउस दाबून
ओळ निळी करत करत वाचायची.
बावीस वर्षं विंडोजवर तशाच वाचत आल्या,
कुणाचं काही बिघडलं नाही.
तिथं निळं केलेलं नुसतं निळं असतं,
कंट्रोल-सी म्हटल्याशिवाय
ओळ जागची हलत नाही.

मग वरून ठरलं, शाळांतून आता लिनक्स.
मी पांढऱ्या व्हॅनमधून सोळा गावं फिरलो
एक्स्त्रेमादुराच्या उन्हात,
ओकांखाली लोळणारी काळी डुकरं बघत,
आणि व्हाल्देसेरोच्या शाळेत
समोरच्या घंटाघरावर करकोचे चोची वाजवत असताना
बाईंचा संगणक पुसून नवा केला.
"सगळं तसंच आहे, बाई," म्हणालो.
एवढं एक खोटं बोललो.

सोमवारी फोन. "एउलोखियो, आधी इकडे ये."

फलकावर मुलांच्या जेवणाचा तक्ता,
चाळीस घरीही गेलेला:

बुधवारी मसूर, संत्रं.
गुरुवारी चणे, यंदा मी येणार नाही, दही.

पाववाला विचारून गेला, कोण येणार नाही?
तिसरीतल्या एकीची आई धावत आली,
स्वयंपाकीण सोडून चालली की काय म्हणून.
बाई नुसत्या चष्मा पुसत होत्या.

बासेलहून बहिणीचं पत्र होतं. रेमेदिओसचं.
जैतुनांचा मळा विकून टाक, असं,
आणि ही एक ओळ,
जी बाईंनी दोनदा वाचली.
बोट लावून.
मग तक्त्यात चण्यांपाशी आल्या,
माउसचं चाक फिरवायचं, ते दाबलं गेलं.

मी खुर्ची ओढून बसलो.
इथं दोन खिसे असतात, बाई.
एकात तुम्ही मुद्दाम ठेवता ते.
दुसऱ्यात, शेवटचं जे निळं केलंत ते,
आपोआप.
चाक दाबलं की हा दुसरा खिसा सांडतो.

"म्हणजे वाचणं आणि उचलणं एकच?"

इथं, हो.

त्यांनी दार लोटून घेतलं.
"मग माझं उत्तर कुठं गेलं?
शुक्रवारी लिहिलं होतं, पान भरून.
हेडमास्तर आले म्हणून कापलं,
खिडकी मिटली, न साठवता,
ते गेल्यावर दुसरी उघडली, चिकटवायला गेले,
काही नाही. कोरं."

याचं उत्तर मला येत होतं
आणि देववत नव्हतं.

विंडोज कोठावळा आहे, बाई.
नावातच खिडक्या, पण खिडकी मिटली
तरी माल कोठारात राहतो.
देणारा गेला तरी घेणाऱ्याचं अडत नाही.
लिनक्स कुणाचं काही ठेवून घेत नाही.
कुणापाशी आहे, एवढं ध्यानात ठेवतो.
मागणारा आला की हाक मारतो,
अगं, तुझ्याकडचं दे.
जिच्याकडे होतं ती खिडकीच नसेल
तर हाकेला ओ येत नाही.

"कॉपी केलं म्हणजे झालं, असं नाही तर."

शब्द दिलेला असतो, बाई. वस्तू नाही.

एक राखण्या मिळतो, म्हणालो,
छोटासा प्रोग्राम, कोपऱ्यात बसून असतो,
कापलं-उचललं सगळं स्वतःजवळ धरून ठेवतो,
खिडकी गेली तरी.
बसवू?

बाईंनी विचार केला.
करकोच्यांची टकटक थांबली, पुन्हा सुरू झाली.
"नको. पुन्हा लिहीन.
पहिलं जरा तिखटच झालं होतं."

गुरुवारी लागझाडच्या वाटेवरची शाळा उरकून
मुद्दाम तिथं थांबलो, मुलांच्या बाकावर जेवलो.
चणे बरे होते. दही संपलेलं.
तक्ता अजून तसाच, बाईंनी बदलला नव्हता.
यंदा मी येणार नाही, च्या खाली
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
वाकडं, दुसरीतल्या अक्षरात:

ये की.