शेवटचं धडधाकट कधी पाहिलं

फॉर्मचं दुसरं पान, सातवा रकाना:
पेशंटला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?
तास. मिनिट.
गोठलेल्या रक्तावरचं औषध द्यायचं की नाही
ते यावरच ठरतं, म्हणून मी सोडत नाही, पुन्हा विचारते.

लोक घड्याळ सांगत नाहीत.
भोसरीच्या रेऊबाई म्हणाल्या, दुधाची पिशवी कापली तेव्हा.
कर्वेनगरचे पेंडसे म्हणाले, मी पेपरात होतो,
ती "अहो" म्हणाली,
मी "हं" म्हणालो.
तांबोळींचा थोरला बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, धडधाकट म्हणजे कसं, मॅडम?
तसं अब्बांकडे गेल्या उन्हाळ्यापासून
कुणी पाहिलंच नाही.
मी लिहिलं, अज्ञात.
अज्ञातला आमच्याकडे कोड आहे. नव्व्याण्णव.

मग जोखमीचे रकाने. रक्तदाब, साखर, तंबाखू.
मिशरीसुद्धा तंबाखूत धरायची
असं समासात पेन्सिलीने मीच लिहून ठेवलंय,
कारण बायका "छे, तंबाखू नाही हो" म्हणतात
आणि बोट काळं असतं.
गोळ्या का सोडल्या, याला पर्याय तीन:
पैसे, त्रास, विसर.
"बरं वाटायला लागलं म्हणून" हा चौथा छापलेला नाही.
सगळ्यात जास्त उत्तरं त्याचीच.

नव्वदाव्या दिवशी फोन.
शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे गेले.
मधले पाच आकडे मला गप्पांतून काढावे लागतात.
अंघोळ आपली आपण? सही येते? पीएमटीत चढता?
सहा विचारावा लागत नाही.
"हॅलो"वरूनच कळतो.

क्रमांक दोनशे सतरा, मुरलीधर घोगरे,
अकरा दिवस फोन बंद.
सरपोतदार सर म्हणाले, संपर्क तुटला म्हणून टाका,
पाच टक्क्यांपर्यंत चालतं.
चाललं असतं. पण शनिवार होता, आणि स्वारगेटवरून
जनता वसाहत काही लांब नाही.

पायऱ्या मोजल्या नाहीत. तीनदा थांबले.
घोगरे दारातच बसलेले,
दोन गुडघ्यांत मिक्सर, डाव्या हातात पेचकस,
उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवायला दिल्यासारखा.
"फोन लागेल कसा," ते म्हणाले,
"नंबर मंजुळाचा होता."

मी बॅगेतून फॉर्म काढला.
वरच्याच पानावर नातेवाईकाची सही तिची,
ळ ओळीखाली सांडलेला.
प्रश्न मात्र विचारावेच लागतात:
एक आठवडा एकटे राहू शकाल का?
ते अर्ध्या ओठाने हसले.
"आषाढापासून राहतोच आहे की."
स्वयंपाक?
"भात होतो. भाकरी एका हाताने थापत नाही."
बटणं?
त्यांनी टी-शर्टाकडे बोट केलं.

घरी सोडलं तेव्हा यांना मी चार दिले होते.
ती भरवायची, ती नाडी बांधायची,
ती जिन्यात मागून धरायची, म्हणून चार.
आज नियमाने दोन.
दोन म्हणजे चांगला निकाल.
सोमवारी सर पडद्यावर बघून म्हणतील,
दोनशे सतराची सुधारणा उत्तम आहे,
आणि ते चूक म्हणणार नाहीत.

चहा नको म्हटलं तरी त्यांनी शेजारच्या पोराला पाठवलं.
चहा येईपर्यंत बोलायला काही उरलं नाही,
आणि मला सवयच लागलेली,
तोंडातून गेलं:
त्यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?

"सव्वासहा," ते म्हणाले.
"सहा सतरा धरा. बातम्या चालू होत्या.
म्हणाली, तो मिक्सर बंद कर जरा,
काही ऐकू येत नाही."

तीनशे बारा फॉर्म भरलेत मी.
मिनिटासकट सांगणारा हा पहिला,
आणि पेन तोवर पर्समध्ये गेलं होतं.

खाली उतरताना वरून आवाज आला,
घर्र, मग बंद.
घर्र. बंद.
कुठला तरी स्क्रू अजून बसत नव्हता.