वासे मोजताना

टोलीडोच्या सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर
मी छपरं तपासते.
छपरं म्हणजे कागद. वरून पाहिलेली घरं,
घारीला दिसत असतील तशी,
फक्त घार फूटपट्टी लावत नाही.
आढ्यापाशी पुरेसं मोकळं आहे का,
आग लागली तर बंबवाल्याला चढायला वाट आहे का,
वासे किती इंचांवर, वारा किती वेगाचा धरलाय.
नसेल तर लाल शाई.
खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
मी न खाल्लेल्या घरांचे मोजते,
त्याचाच पगार.

एमेरी तोथ यांचा सोलरचा अर्ज तीनदा परत गेला.
पहिल्यांदा वाट नव्हती.
दुसऱ्यांदा होती, पण धुराड्यात जाऊन संपत होती.
तिसऱ्यांदा सही राहिली.
चौथ्यांदा ते स्वतः आले, काखेत सुरळी,
हाताने काढलेला नकाशा, रेघा इतक्या नितळ
की मला माझ्या शाईची लाज वाटली.
"बावीस पॅनेल होती, एकोणीस केली," म्हणाले.
"तीन तुमच्या वाटेत गेली."

ऑगस्टात ड्वेनचा गुडघा गेला
आणि तपासणीला मला धाडलं.
मॉमी नदी ओलांडून, हंगेरियन लोकांच्या जुन्या वस्तीत.
दारातच भाजलेल्या खसखशीचा वास.
"आधी खा."
"आधी वासे," मी म्हटलं.
का ते इंग्रजीत सांगता आलं नाही.

पोटमाळ्यावर चाळीस अंश तरी असतील.
चौथ्या वाशावर कुणा सुताराने पेन्सिलीने
वजाबाकी केलेली. चुकलेली. खोडून परत केलेली.
तिसरा वाकला होता, त्याला नवा जोड दिलाय,
देवदाराचा वास अजून ओला, बोल्ट आठ,
कागदावर आठच.

मग शिडी.
कागदावर जी दोन रेघांमधली पांढरी जागा होती
ती इथे तापलेली, खरखरीत, पावलांना धरून ठेवणारी.
मी तिच्यावर उभी राहिले.
नदी दिसली, धान्याच्या कोठ्या,
आणि पलीकडे आमची इमारत, काडेपेटीएवढी.
डाव्या हाताला एकोणीस काचा,
एकेचाळीस दिवस ऊन झेलत,
आत काहीच जाऊ न देता.
परवानगी नाही.
खालून म्हातारा ओरडला,
"छत्तीस वर्षं मी काच वितळवली,
आता तिने काहीतरी कमवावं की नाही?"

खाली येऊन मी त्यांना नापास केलं.
मेन स्विचवरचं लेबल मार्करने लिहिलेलं,
अर्धं उडालेलं.
"उन्हात टिकेल असं हवं."
ते हसले नाहीत. मान हलवली.
"भट्टीवरही असंच. आधी खुणा जळतात."

पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले.
स्विचवर काचेची पट्टी, चार स्क्रूंनी बसवलेली,
अक्षरं कोरलेली, लाल भरलेली, कायद्यातल्या शब्दांत,
एक वेलांटीही इकडची तिकडे नाही म्हणावं तशी.
मी गाडीत बसून पुस्तक चाळलं, अर्धा तास.
काच नको असं कुठेही लिहिलेलं नाही.

हिरवा स्टिकर लावला.
"लावू चालू?"
"नाही. वीज कंपनीचा माणूस येईल, मीटर बदलेल."
"कधी?"
मी आकाशाकडे पाहिलं. ते माझ्या खात्यात येत नाही.

निघताना त्यांनी खिडकीतून सीटवर काहीतरी टाकलं,
कागदात गुंडाळलेलं, कोमट.
परत द्यायला हवं होतं, तसा नियम आहे.
पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या.
खाल्लं.
बोटांना खसखस चिकटली,
आणि मग, काय करणार,
पहिल्यापासून मोजू लागले:
एक, दोन, तिसऱ्याला जोड,
चौथ्यावर वजाबाकी