नऊ-सोळांशाचा पाना

आधी बॉनेट. काम चौघांचं, आम्ही दोघंच,
मी आणि शेजारची टॅम्सिन ट्रेगेअर,
सतरा वर्षांची, नखं हिरवी रंगवलेली.
मग पाणी सोडलं. चाळीस वर्षं कोंडलेलं पाणी
चहासारखं आलं, मग आलंच नाही,
तारेनं टोचल्यावर एकदम माझ्या बुटात.

टॅम्सिन प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावते,
विचारते, ही कशाची?
मी म्हणतो, माहीत नाही.
ती तसंच लिहिते: माहीत नाही एक,
माहीत नाही दोन.
नट आइस्क्रीमच्या डब्यांत.
एक्झॉस्टच्या पितळी नटांना रात्रभर तेल पाजलेलं,
सकाळी पाच सुटले,
सहावा बोल्टासकट मोडून हातात आला.
तेव्हा मी जे बोललो
ते तिनं कुठल्याच डब्यावर लिहिलं नाही.

सीट काढल्या. एकीखाली अर्धा पेनी आणि केसांतली पिन,
ती कुणाची, हे मी बायकोलाही सांगणार नाही.

उरला मधला बोगदा:
दोन सीटांमधलं ते पुठ्ठ्याचं कुबड, खाली गियरबॉक्स.
स्क्रू तीसेक, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही,
कारण एकोणऐंशी साली ते मीच लावले होते,
अंधार पडत आलेला, पोटात भूक.
कुबड उचललं.
धूळ, उंदराचं घरटं, पोस्टाच्या पावतीचा चुरा,
आणि गियरबॉक्सच्या कुशीत, चौकटीशी अडकून,
पाना.

आमचे वडील कथलाच्या खाणीत फिटर.
कॅनव्हासची गुंडाळी मागे ठेवून गेले,
कप्पे अकरा, पाने अकरा.
मग दहा.
मी डेन्झिलला म्हटलं होतं, तू विकलास.
सख्ख्या भावाला, त्याच्याच स्वयंपाकघरात,
त्याची पोरं बटाटे खाता खाता थांबलेली.
तो कॅमबोर्नला राहतो, इथून तीन मैल.
दुकानात दिसला की मान हलवतो. मीही हलवतो.

आणि ती खडखड!
चार वर्षं मी ती ऐकत गाडी चालवली,
म्हणालो, तिसऱ्या गियरचं बेअरिंग गेलं,
खर्च झेपणार नाही,
आणि एका नोव्हेंबरात गाडी इथं आणून लावली
ती लावलीच.

टॅम्सिन म्हणाली, मागचं टोक सावरायला तिसरं माणूस हवं.
उचलण्याचं यंत्र भाड्याचं, सहाला परत करायचं.
मी हात पुसले. पुन्हा पुसले.
नंबर पाठ होता, याचंच मला नवल वाटलं.
म्हटलं, हेडली बोलतोय. इंजिन काढतोय. जरा येतोस का?
पलीकडे केटलीचा आवाज.
मग, कुठली, ती लाल?
म्हटलं, आता तितकी लाल नाही.

तो आला. गुडघा धरत, कण्हत खाली बसला.
प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट.
हात मागे केला, माझ्याकडे न बघता:
नऊ-सोळांश.
मी दिला.

त्यानं तो उजेडात फिरवला.
वडिलांनी दांडीवर कानशीने पाडलेल्या दोन खाचांवर
अंगठा ठेवला, बराच वेळ.
टॅम्सिन कधी त्याच्याकडे बघते, कधी माझ्याकडे.
मी साखळी तपासत होतो. साखळी ठीक होती.
मग चारही बोल्ट त्यानं सैल केले,
चौथा करकरला, आणि म्हणाला,
म्हणजे तिसरा गियर धड असणार.

इंजिन उठलं, गियरबॉक्स मागे लोंबत,
तेलाचा एक काळा धागा फरशीपर्यंत.
हळू, डेन्झिल म्हणाला, हळू रे, माझ्या बोटांवर नको.
वजन उतरलं तशी गाडी पुढून वर आली,
चांगली तीन इंच, स्प्रिंग कुरकुरत,
नाक वर करून दाराबाहेर बघत राहिली.

यंत्र सात वाजता परत केलं.
त्यांनी एका तासाचे जास्त पैसे घेतले.
पाना चुकून डेन्झिलच्या खिशात गेला,
मी हाक मारली नाही.