चाळिसाव्या नंबराची गाणी

पाणी उतरल्यावर सातव्या दिवशी शटर उचललं.
मारुती चौकात अजून घोटाभर चिखल,
हवेत हळद, डिझेल आणि मेलेलं काहीतरी.
बॅटऱ्या गेल्या. इन्व्हर्टर गेले. उधारीच्या वह्यांचा लगदा,
म्हणजे निम्मी सांगली माझ्या कर्जातून मोकळी.
माळ्यावरची पत्र्याची पेटी मात्र
पोहून आल्यासारखी काउंटरवर बसलेली.

पेटीवर रंगानं: श. रणभिसे, एक्स-रे, मिशन दवाखाना, मिरज.

शमुवेलकाकांची.
अमेरिकन डॉक्टरचा पोरगा अडुसष्ट साली मायदेशी जाताना
देऊन गेला, सायकल शिकवली म्हणून.
त्र्याऐंशी तबकड्या, बशीएवढ्या,
मधलं भोक एवढं की आमच्या प्लेअरची खुंटी त्यात हरवायची.
काका सुताच्या रिळाचा काप घालून बसवायचे.

गाजलेली गाणी पोरगा बरोबर घेऊन गेला.
ही उरलेली.
कुठल्या कुठल्या गावच्या चार-चार पोरांनी
उसनी गिटार आणून एकदाच गायलेली,
धापा टाकत चाळिसाव्या नंबरापर्यंत चढलेली,
दोन आठवडे तिथं उभी राहून
कुणी हाक मारत नाही म्हटल्यावर
गुपचूप खाली उतरलेली.

काका तबकडी आधी खिडकीच्या उजेडाला धरायचे.
"हे बघ. दुसऱ्या कडव्यानंतर. बारीक फ्रॅक्चर."
सुई नेमकी तिथंच लंगडायची.
मग सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं.
"प्लास्टर," म्हणायचे.

इंग्रजी त्यांना फॉर्म भरण्यापुरतं यायचं,
मला तेवढंही नाही.
एका गाण्यात पोरगं जीव तोडून ओरडायचं,
वांगी दे, ओ वांगी दे,
आणि मागचे तिघं, वांगी, वांगी.
काका डोळे मिटून सांगायचे, कृष्णाकाठचीच मागतोय.
मार्थाकाकू आतून:
संपली म्हणावं, सोमवारच्या बाजाराला ये.

एक होतं पाच हॉर्सपॉवरचं,
ड्रम असा की पाटाला पाणी सुटलंय वाटायचं.
आणि एक बाईचं. तिच्यामागं ऑर्गन,
उंदरानं भाता कुरतडलेला असावा असा.
ते फक्त रात्रपाळीनंतर लागायचं.
त्याला आम्ही नाव ठेवलं नाही.

परातीत रिठ्याचं पाणी, दात घासायचा मऊ ब्रश.
एकेक धुवत गेलो, तशी मधली लेबलं सुटली,
लाल, पिवळी, एक निळं, घोडा छापलेलं,
आणि त्यांच्याबरोबर गाणाऱ्यांची नावं
परातीच्या कडेला जाऊन चिकटली.
कुणाचं कुठलं, विचारायचं कुणाला?
काका अकरा साली गेले.
त्यांची नंबरांची वही त्या लगद्यातच कुठंतरी.

उन्हात ठेवली तर वाकतील,
म्हणून ताटाळ्यात लावली, स्टीलच्या ताटांमध्ये.
त्र्याऐंशीतल्या एकोणीस वाचल्या.

पुतण्यानं फोन पुढं केला.
याला ऐकवा, काका, हा जगातलं कुठलंही गाणं ओळखतो.
फोननं कान लावला. वाट पाहिली. गोल गोल फिरला.
सापडलं नाही, म्हणाला.
परत ऐकवलं. परत सापडलं नाही.
मला का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की एखादी लावतो.
खरखर आहे. ती धूळ नव्हे,
कृष्णेचा गाळ, खाचेत बसलेला, कितीही धुतला तरी.
दर फेरीला नदी एकदा खाकरते
आणि पोरगं पुढं गात राहतं.

परवा हळदीच्या वखारीतला म्हाळू टेम्पोची बॅटरी घेऊन आला.
हात कोपरापर्यंत पिवळे.
दारातच थांबला, बॅटरी तशीच पोटाशी धरून.
"कुठल्या पिक्चरचं ओ हे?"
कुठल्याच नाही, म्हटलं.
आणखी थोडं ऐकलं त्यानं, मान तिरकी करून.

"लय जीव लावून वांगी मागतंय की."