दारावरचा नळ

पिंपळगाव बसवंतला पॅकहाउसच्या दारात
माझं काम एवढंच:
पांढरा टिश्यू घ्यायचा, येईल तिच्या गालावरून फिरवायचा.
कागद कोरा निघाला तर आत.
टिकली नको, बांगडी नको, पावडर तर नकोच,
माल नेदरलँडला जातो.

द्वारका गांगुर्डेचा कागद रोज भरतो.
"अगं बाई, राहिलीच का?" रोज म्हणते
आणि नळाशी जाते.
पहाटे चारला, लाइट नसताना
मोबाइलच्या काळ्या काचेत बघून लावलेली
दहाच्या पुडीतली गुलाबी पावडर
वांगाच्या डागांवरून ओघळते,
बेसिनच्या कडेला साय धरते.
मग टोपी, मास्क, एप्रन. उरतात डोळे.

एकदा विचारलं, धुवायचीच तर लावता कशाला?
"टेम्पोत पंधरा जणी असतो," म्हणाली,
"अन् शिरवाडे फाट्यापासून उजाडायला लागतं."

आत टेबलावर काळा जम्बो.
मण्यामण्यावर त्याची स्वतःची पांढुरकी पावडर,
वेलीनंच लावून पाठवलेली.
(अशीच पांढरी पानावर आली तर तिला भुरी म्हणतात,
मालक रात्रभर झोपत नाही.)
हिला मात्र जपायचं.
घड देठाला धरायचा, कात्रीनं बारका मणी काढायचा,
शिंक आली तर लांब पळायचं.
बोट लागलं की तेवढ्या जागी
काळा चकचकीत ठसा,
आणि पेटी परत.
द्वारकाची पेटी तीन हंगामांत परत आली नाही.

काल सहाला शिफ्ट सुटली.
नळाशी पुडी हातोहात फिरत होती.
मला नाशिक गाठायचं होतं, कॉलेज रोडला, साखरपुड्याला.
केबिनमध्ये घाईघाईत कॉम्पॅक्ट फिरवून बाहेर आले.
माझ्या गालावर कागद फिरवायला
दारात कुणी उभं नसतं.

द्वारका थांबली. बघत राहिली.
"मॅडम, हनुवटीखाली थर राहिलाय."
आणि माझं उत्तर यायच्या आत
अंगठ्यानं, हळू, मानेकडे ओढत
सारखा केला.
दिवसभर एकाही मण्याला न लागलेला अंगठा.
खरखरीत होता, कात्रीनं घट्टा पडलेला.

टेम्पोचा हॉर्न वाजला.
अंगठ्याला उरलेली तिनं आधी हुंगली,
मग आपल्या गालाला पुसली.
"भारीतली आहे," म्हणाली,
आणि चढायला पदर खोचला.